माकड मेलं की कळवायचं कुणाला? : माकडतापाबद्दल तीन खात्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
मा. मंत्री, वने,
मा. मंत्री, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

सादर नमस्कार.

एकच पत्र तिघांना लिहिते आहे, कारण हा आजार तुमच्या तिन्ही खात्यांत वाटला गेला आहे आणि त्यामुळे तो कुणाचाच राहिलेला नाही. माकडताप. सरकारी कागदावर क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. रानात माकड मरून पडलं तर ते वनखात्याचं. गुरांच्या अंगावर गोचीड दिसली तर ती पशुसंवर्धनाची. माणूस तापाने आडवा झाला की मग आरोग्य खात्याचा. विषाणू मात्र तिघांमधून सरळ चालत येतो.

हे पत्र आत्ता, नोव्हेंबर सरताना लिहिण्याचं कारणही सांगते. साथरोगांच्या तयारीसाठी नुकतीच एक बैठक झाली. आमच्या गावातून गेलेल्या लोकांनी माकडतापाचा विषय काढला. उत्तर मिळालं, "सध्या रुग्ण नाहीत, निघाले की बघू." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल, त्यांच्यापुढे दहा कामं असतील. पण हे वाक्य मला गिळता आलं नाही. हा असा आजार आहे की रुग्ण निघेपर्यंत थांबलं म्हणजे एका माणसाचा जीव पणाला लावूनच कामाला सुरुवात होते.

मी सिंधुदुर्गातली, गोव्याच्या हद्दीजवळ राहणारी. आमची काजूची बागायत आहे, थोडी पोफळी, चार गुरं. बागेच्या वरच्या अंगाला रान लागतं. माझ्या थोरल्या दिरांना हा ताप येऊन गेला. जंगलाला लागून असलेल्या तुकड्यात बेणणी (गवत-झुडपं काढणं) करून आले आणि काही दिवसांनी एकाएकी ताप भरला. डोकं इतकं दुखत होतं की उजेड सहन होईना. पोटऱ्या आणि कंबर आवळल्यासारखी झाली. प्लेटलेट्स कमी आल्या म्हणून डेंग्यू समजून औषधं सुरू झाली. हिरड्यांतून रक्त दिसलं तेव्हा आम्ही घाबरून गाडी केली आणि गोव्यात नेलं. ते वाचले. पण ताप उतरून घरी आल्यावर पुन्हा चढला, हात थरथरू लागले, आणि पुढे कित्येक महिने त्यांना कोयता धरवत नव्हता. आमच्याच वाडीतली, आमच्याकडे काजू वेचायला येणारी एक बाई मात्र वाचली नाही. तिची मुलगी आता त्याच कामाला येते. ती बागेत शिरते तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे जातं. तिच्या पायात बूट नसतात.

हे पत्र तिच्यासाठीही आहे.

ज्यांना हा आजार ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगते. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि भोवतालच्या गावांत लोक तापाने पडू लागले. पिवळा ताप भारतात आला की काय, अशी भीती होती. तो वेगळाच, नवा विषाणू आहे हे शोधून काढलं पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. महाराष्ट्रातल्या संस्थेने ओळखलेला हा आजार २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पालीला दिसला, आणि २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या परिसरात तो पसरला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं आपल्याला त्याची ओळख होती.

तो पसरतो गोचिडीतून, मुख्यतः हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या. पावसाळ्यानंतर तिची पिल्लं वाढत जातात आणि डिसेंबरपासून मेपर्यंत तिळाएवढ्या अवस्थेतली गोचीड रानात, पातेऱ्यात (झाडांखालच्या वाळलेल्या पानांत), गवताच्या टोकाला बसलेली असते. तीच माणसाला चावते. चावलेली कळतही नाही. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात, असा आजवरचा अनुभव आहे. त्यावर नेमकं औषध नाही. पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळणं एवढाच उपचार. माणसाकडून माणसाला तो होत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या दिरांच्या घरी त्या काळात शेजारी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत.

डिसेंबर ते मे. आमचं काजूचं सगळं काम याच महिन्यांत येतं. बेणणी, पातेरा गोळा करणं, तरव्याच्या भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळ म्हणजे झाडांच्या फांद्या तोडणं, लाकूडफाटा, आणि फेब्रुवारीपासून बी वेचणं. गोचिडीचा हंगाम आणि आमच्या पोटापाण्याचा हंगाम एकच आहे. "रानात जाऊ नका" हा सल्ला म्हणूनच आमच्या उपयोगाचा नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार मेलेल्या माकडाबद्दल आहे. या आजारात माणसाच्या आधी बहुतेक वेळा माकड मरतं. वानर काय किंवा लाल तोंडाचं माकड काय, दोघांनाही हा विषाणू झपाट्याने मारतो. माकड मेलं, अंग थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून भोवती पसरतात आणि त्या जागेवरून जाणाऱ्या माणसाला त्यांचा धोका होतो. म्हणूनच नियम असा आहे की मृत माकडाभोवती पन्नास मीटरच्या टापूत कीटकनाशक भुकटी मारायची, लोकांना तिथे फिरू द्यायचं नाही, आणि नमुना तपासायचा. निसर्ग आम्हाला आधी खूण देतो. ती मिळाल्यावर एक-दोन दिवसांत हालचाल झाली तर माणसं वाचतात. पण खूण बघायची कुणी?

आमच्या बागेच्या वरच्या अंगाला वानर मरून पडलेलं दिसलं तेव्हा मी फोन केले. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. तिसऱ्याने विचारलं, "ते तुमच्या जागेत आहे की जंगलाच्या?" कुणी उद्धट बोललं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की हे काम आपलं नाही, आणि कागद बघितला तर कदाचित त्यांचं बरोबरही असेल. माणूस आला तोवर ते कुजलं होतं आणि कुजलेल्या देहातून तपासणीलायक काही मिळत नाही. तिथून रोज बायका पातेऱ्याला जात होत्या. मी स्वतः वाटेत काठ्या आडव्या टाकल्या. तेवढंच माझ्या हातात होतं.

माकडाचा मृत्यू ही साथीची पहिली नोंद आहे, असं तुमचेच तज्ज्ञ सांगतात. मग ती नोंद ठेवणारी वही एकाच ठिकाणी का नाही? वनरक्षकाकडे एक आकडा, आरोग्य केंद्राकडे दुसरा, आणि गुराख्याला, काजूवाल्याला, धनगरवस्तीवरच्या माणसाला जे दिसतं ते कुठेच नाही. रानात सगळ्यात जास्त वावर आमचाच असतो.

दुसरी तक्रार निदानाची. सिंधुदुर्गात तापाचा रुग्ण आला की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा डेंग्यू मनात येणं स्वाभाविक आहे. लेप्टोने आमच्या जिल्ह्यात पुष्कळ माणसं नेली आहेत. पण लेप्टोचा जोर भातलावणीपासून पुढे, पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या दिवसांत, एकाएकी चढलेला ताप, असह्य डोकेदुखी आणि उतरलेल्या प्लेटलेट्स घेऊन माणूस आला तर त्याला एक प्रश्न विचारायलाच हवा: मागच्या आठवड्यात रानात गेला होतात का? आमच्या दिरांना तो कुणी विचारला नाही. उलट अंगदुखीसाठी सुई टोचली गेली, आणि रक्तस्रावाची भीती असलेल्या तापात काही वेदनाशामकं अपायकारक ठरतात. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी निदान करू शकते, नंतर प्रतिपिंडांची तपासणी लागते. नमुना जिल्ह्याबाहेर जाऊन उत्तर येईपर्यंत रुग्णाचा सगळ्यात नाजूक काळ निघून जातो.

यावर तोड आहे. क्षयरोगासाठी आणि कोविडमध्ये सरकारी रुग्णालयांतून वापरली गेलेली ट्रूनॅट यंत्रं बॅटरीवर चालतात, आणि त्यांच्यावर करता येणारी केएफडीची तपासणीही तयार झाली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ती पारखली आहे. म्हणजे नवं संशोधन मागायचं नाही, असलेलं बांद्याला आणि दोडामार्गाला पोचवायचं आहे.

तिसरी गोष्ट लसीची. कर्नाटकात १९९० पासून या आजारावर लस दिली जायची. एका महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, आणि त्यानंतर पाच वर्षं दरवर्षी एकेक. दोन डोसांनी साधारण ६२ टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळतं, असं तिथल्या अभ्यासात दिसलं होतं. पुढे लसीचा जोर उरला नाही आणि २०२२ मध्ये ती थांबली. निरुपयोगी लस टोचण्यापेक्षा थांबवणं बरं, हे मला पटतं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही लस बनवणारी कंपनी नवी लस घडवत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. माझी तक्रार मधल्या काळाबद्दल आहे. लस नाही म्हणजे बाकीची काळजी दुप्पट घ्यायला हवी होती.

ती बाकीची काळजी म्हणजे काय, हेही लिहिते. अंगाला लावायचं, गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल, पायात गुडघ्यापर्यंत बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, रानातून आल्यावर कडकडीत पाण्याने अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. तेल घामाने उतरतं, दिवसातून पुन्हा लावावं लागतं. एक बाटली एका घराला हंगामभर पुरत नाही. ते मिळतं ते बहुतेकदा साथ आल्यावर, आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या घरापर्यंत. रोजावर येणाऱ्या बायांचं काय? वाकून, पातेऱ्यात हात घालून बी वेचतात त्या. गोचिडीच्या सगळ्यात जवळ त्यांचे हात आणि पाय असतात. त्या दुसऱ्या गावातून येतात, कधी सीमेपलीकडून येतात, त्यांची नावं आमच्या गावच्या यादीत नसतात. बागायतदार म्हणून आमचंही कर्तव्य आहे आणि मी माझ्या बागेत ते करीन. पण हंगामी मजुरांची यादी करून त्यांच्या हातात तेल आणि पायात बूट देणं ही सरकारने उचलायची गोष्ट आहे.

चौथी. पशुसंवर्धन खात्याकडून आम्ही या आजाराबद्दल फार थोडं ऐकलं आहे. गुरांना हा ताप होत नाही, हे खरं. पण मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसतात, आणि रानात चरून आलेली गुरं त्यांना गोठ्यापर्यंत आणतात. गोचीडनाशकाची फेरी पावसाळ्यानंतर, हंगामाआधी झाली तर त्याचा उपयोग. लाळ्या-खुरकुताच्या लसीला डॉक्टर गोठ्यावर येतात, त्याच फेरीत हे काम बसू शकतं.

पाचवी गोष्ट नाजूक आहे आणि माझ्या भावाबंधांना ती कदाचित आवडणार नाही. माकडं नारळ, काजू, फणस काही ठेवत नाहीत. माकडं पकडून लांबच्या जंगलात सोडा, ही मागणी कोकणात जोरात आहे. नुकसान माझंही होतं. पण माकडतापाच्या पट्ट्यातली माकडं तपासणी न करता दुसरीकडे नेली तर त्यांच्या अंगावरच्या गोचिडीही नव्या जंगलात जातील. हा प्रश्न वनखात्याने नुसत्या उपद्रवाचा म्हणून सोडवू नये. आणि रागाने माकडं मारणाऱ्यांना किंवा त्यांना विष घालणाऱ्यांनाही कुणीतरी समजावून सांगायला हवं. या रोगात माकड स्वतः बळी जातं, आणि त्याच्या मरणातूनच आपल्याला सावध होता येतं.

जंगलाबद्दलही बोलायला हवं. दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांवर रबर आणि अननसासाठी रान उभं कापलं गेलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. जंगल आणि शेती जिथे तुकड्यातुकड्यांनी एकमेकांत शिरलेली असतात तिथे या आजाराचा धोका वाढतो, असं पश्चिम घाटातले अभ्यास सांगतात. झाडतोडीच्या परवानगीचा निर्णय घेताना आरोग्य खात्याला कुणी विचारतं का?

"सध्या रुग्ण नाहीत" या वाक्याकडे परत येते. शांत गेलेली वर्षं म्हणजे विषाणू गेला, असं नसतं. तो रानातले उंदीर-घुशी आणि गोचिडी यांच्यात फिरत राहतो. कर्नाटकात सागर तालुक्यातल्या अरळगोडू परिसरात २०१८ च्या अखेरीस साथ उसळली आणि माणसं गेली. शिमोगा जिल्ह्याला तर हा आजार तोवर साठ वर्षं माहीत होता. आमच्याकडे तो येऊन थोडीच वर्षं झाली आहेत. आम्ही त्याहून जास्त सावध असायला हवं.

दरवर्षी ६ जुलैला जागतिक प्राणीजन्य रोग दिन पाळला जातो. जनजागृतीची पत्रकं तेव्हा लागतात. पण जुलैत आम्ही चिखलात लावणीला असतो आणि तेव्हा लेप्टोचं सांगणं योग्यच आहे. माकडतापाचं सांगणं नोव्हेंबरात हवं. मालवणीत हवं, आशाताईंच्या तोंडून हवं, काजू खरेदीच्या दुकानावर आणि आठवडा बाजारात हवं.

नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. माणूस, जनावर आणि जंगल यांचं आरोग्य एकत्र पाहायचं, हा तिच्यामागचा विचार आहे. या विचाराची परीक्षा आमच्यासारख्या तालुक्यांत व्हायची आहे, तिथे तिन्ही खात्यांची कार्यालयं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांसाठी माकडतापाचा एक जबाबदार अधिकारी नेमा. तिन्ही खात्यांतला कुठलाही चालेल, पण एकच, आणि त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. मेलेलं माकड कळवण्यासाठी एकच फोन नंबर द्या. कळवल्यापासून चोवीस तासांत माणूस जागेवर यावा, मग ती जागा खाजगी असो वा वनाची.

मृत माकडं, तपासलेल्या गोचिडी आणि तापाचे रुग्ण यांची गाववार माहिती डिसेंबर ते मे दर आठवड्याला जाहीर करा. गोव्याच्या सत्तरी तालुक्याशी आणि बेळगावच्या खानापूरशी तीच माहिती वाटून घ्या.

केएफडीची तपासणी दोन्ही तालुक्यांत होईल अशी सोय करा आणि खाजगी डॉक्टरांनाही तिची माहिती द्या. तपासणीचा खर्च रुग्णाकडून घेऊ नका.

रोजंदारीवरच्या मजुरांसकट सर्वांना डीएमपी तेल आणि बूट हंगामाआधी द्या. गुरांसाठी गोचीडनाशकाची फेरी डिसेंबरपूर्वी करा.

नवी लस तयार झाली तर पहिल्या टप्प्यात सिंधुदुर्गाचा समावेश करण्याची मागणी राज्याने केंद्राकडे आत्ताच नोंदवावी.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर घरच्यांना शासनाकडून भरपाई मिळते. रानातल्या गोचिडीच्या चाव्याने गेलेल्या माणसाच्या कुटुंबालाही ती लागू करा. काजू वेचून घर चालवणाऱ्या बाईच्या मागे दुसरं काही उरत नाही.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांसाठी अर्थसंकल्पाची वाट बघावी लागणार नाही. अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर १५ डिसेंबरपर्यंत ग्रामपंचायतींना कळवावा, ही विनंती. तो आला की आम्ही ग्रामसभेत वाचून दाखवू, आणि शाळेच्या, सोसायटीच्या, काजू खरेदीदाराच्या भिंतीवर स्वतः रंगवू. रंग आणि ब्रश आमचा.

आपली,
एक काजू बागायतदार,
जि. सिंधुदुर्ग